तळघरातला चारिझार्ड ग्रेडिंगला पाठवायचा का?

काका, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो. न्यू जर्सीतलं घर लहान करताना तळघरात मुलाचं पोकेमॉन कार्डांचं बाइंडर सापडलं. दीडशेच्या आसपास कार्डं, बहुतेक १९९९-२००० मधली, त्यात एक चारिझार्ड, म्हणजे आग ओकणाऱ्या ड्रॅगनसारख्या पोकेमॉनचं कार्ड. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, ग्रेड करून घ्या, लाखोंची असतील." कार्डांच्या बाजारात एकाने सगळं मिळून ३०० डॉलर देऊ केले. तुम्हाला विचारायचंय ते असं: ग्रेडिंग म्हणजे नेमकं काय, कोणाकडून करायचं, खर्च किती, आणि करावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. दीडशेतली एकशेचाळीस कार्डं पाठवू नका. उरलेली दहा टेबलावर दिव्याखाली घ्या, त्यातली तीन-चार कदाचित पाठवण्यालायक निघतील. ३०० डॉलरला मात्र लगेच हो म्हणू नका. तो माणूस लबाड असेलच असं नाही, पण त्याने चारिझार्ड बघितला होता आणि तुम्हाला तो कोणत्या छपाईचा आहे हे माहीत नव्हतं.

मी चौदा वर्षं हे करतोय. नोकरी वेगळी आहे, हा जोडधंदा. स्वतःची कार्डं पाठवतो, ओळखीपाळखीच्यांचीही पाठवून देतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. ग्रेडिंगमधला पैसा कंपनीच्या टेबलावर ठरत नाही, आपल्या जेवणाच्या टेबलावर ठरतो. न पाठवलेल्या कार्डांनी माझे जेवढे पैसे वाचवले, तेवढे पाठवलेल्यांनी मिळवून दिले की नाही याची मला शंका आहे.

ग्रेडिंग म्हणजे एका तिऱ्हाईत कंपनीने कार्ड खरं आहे का, कापलेलं किंवा रंगवलेलं नाही ना हे तपासायचं, त्याच्या अवस्थेला १ ते १० मध्ये गुण द्यायचे आणि कडक प्लॅस्टिकच्या डबीत ते कायमचं सील करायचं. ही डबी म्हणजे स्लॅब. वर लेबल, त्यावर कार्डाचं नाव, वर्ष, गुण आणि एक प्रमाणपत्र क्रमांक. तो क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकला की नोंद दिसते. तेवढंच. कंपनी कार्डाची किंमत ठरवत नाही. फुटकळ कार्डाला १० मिळाले तरी ते फुटकळच राहतं, फक्त चकचकीत डबीतलं फुटकळ.

या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी पीएसए, १९९१ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली. तिची एक गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगरेटच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची कार्डं दिली, त्यांना आज टी२०६ म्हणतात. त्यातलं होनस वॅग्नरचं कार्ड अतिदुर्मिळ. त्याची एक विलक्षण स्वच्छ प्रत १९९१ मध्ये सदबीजच्या लिलावात आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या संघाचा मालक ब्रूस मॅक्नॉल यांनी ४,५१,००० डॉलरला घेतली. पीएसएने ग्रेड केलेलं पहिलं कार्ड हेच, आणि त्याला ८ गुण मिळाले. पुढे २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला गेलं. आणि २०१३ मध्ये, ज्याच्या हातून हे कार्ड पूर्वी विकलं गेलं होतं त्या बिल मास्ट्रोने कबूल केलं की त्याच्या कडा त्याने कापून सरळ केल्या होत्या. म्हणजे या सगळ्या इमारतीची पहिली वीटच तासलेली होती! तरी ते कार्ड आजही त्याच ८ च्या डबीत आहे. यावरून ग्रेडिंग खोटं असतं असा अर्थ काढू नका. मला एवढंच म्हणायचंय की तो माणसांनी, काही मिनिटांत बघून दिलेला अभिप्राय असतो. तेच कार्ड डबीतून काढून पुन्हा पाठवलं आणि ८ चे ९ झाले, किंवा ९ चे ८, हे मी दोन्ही बाजूंनी भोगलंय.

आता तुमच्या बाइंडरकडे येतो. आधी कार्ड ओळखायचं, मग त्याची अवस्था बघायची. लोक बरोबर उलटं करतात.

चारिझार्डच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात आकडा बघा. ४/१०२ असेल तर तो मूळ संच, म्हणजे इंग्रजीतला पहिला संच, विझार्ड्स ऑफ द कोस्टने जानेवारी १९९९ मध्ये आणलेला. ४/१३० असेल तर तो बेस सेट टू, फेब्रुवारी २०००चा. चित्र तेच, पण किमतीत बराच फरक. ४/१०२ असेल तर आता चित्राच्या चौकटीखाली डावीकडे बघा. तिथे १ हा आकडा असलेला छोटा काळा गोल शिक्का असेल तर ती पहिली आवृत्ती. तसं असेल तर हे उत्तर इथेच थांबवून मला फोन करा. नसण्याचीच शक्यता जास्त. मग चित्राच्या चौकटीची उजवी कड बघा. पिवळसर चौकटीच्या बाहेर करडी सावली पडलेली दिसते का? दिसली तर ते नेहमीचं, भरमसाट छापलेलं कार्ड, ज्याला अनलिमिटेड म्हणतात. सावली नसेल आणि तळाच्या बारीक ओळीत ९५, ९६, ९८ च्या पुढे ९९ सुद्धा छापलेलं असेल तर ते शॅडोलेस, म्हणजे सावली घालायच्या आधीच्या छपाईतलं. त्याला चांगली मागणी असते.

इथे एक नेहमीची फसगत. तुमच्या बाइंडरमध्ये माचँप नावाच्या पोकेमॉनचं कार्ड असेल, त्यावर पहिल्या आवृत्तीचा शिक्काही असेल, आणि तुमचा मुलगा उडी मारेल. मारू देऊ नका. माचँप दोन खेळाडूंच्या स्टार्टर बॉक्समध्ये यायचा, आणि सावली असलेल्या नंतरच्या छपाईवरसुद्धा तो शिक्का तसाच राहिला. जवळजवळ प्रत्येक घरात एक शिक्क्याचा माचँप निघतो. दर वर्षी निदान पाच जण मला त्याचे फोटो पाठवतात.

जंगल, फॉसिल आणि टीम रॉकेट हे पुढचे संच. त्यांच्या चमकदार कार्डांत शिक्क्याची पहिली आवृत्ती असेल तर बाजूला काढा. बिनचमकीची साधी कार्डं, ऊर्जेची कार्डं, ट्रेनर कार्डं या सगळ्यांचा वेगळा गठ्ठा करा. तो गठ्ठा ग्रेडिंगचा नाही.

आणखी एक. तुम्ही लिहिलंय की मुलगा लहानपणी उन्हाळ्यात पुण्याला गेला की मावसभावांबरोबर कार्डांची अदलाबदल करायचा. मग बाइंडरमध्ये नकली कार्डं असणारच. आपल्याकडे शाळेबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानात पाच-दहा रुपयांना जी पाकिटं मिळायची, त्यातलं जवळजवळ सगळं नकली होतं, आणि पोरांना त्याची काही पडलेली नव्हती. ओळखणं सोपं आहे. मागचा निळा रंग फिका किंवा जांभळट, पोकेमॉनच्या इंग्रजी नावातल्या ई वरची तिरकी रेघ गायब, अक्षरं जाड, आणि पुठ्ठा बोटांत लवचीक लागतो. शंका आली तर मोबाइलचा टॉर्च कार्डामागे धरा. खऱ्या कार्डाच्या दोन कागदांमध्ये गडद थर असतो, त्यामुळे उजेड फारसा आरपार येत नाही. नकली कार्ड कंदिलासारखं उजळतं. शेजारी एखादं खरं साधं कार्ड ठेवून तुलना करा म्हणजे फरक लगेच कळेल. नकली पाठवलंत तर कंपनी ते डबीत न घालता परत पाठवते, आणि बहुतेक वेळा फी गेलेली असते.

ही चाळणी लागली की दहाएक कार्डं उरतील. आता खरं काम.

रात्री खोलीतला मोठा दिवा बंद करा आणि एकच टेबल लॅम्प ठेवा, पांढऱ्या उजेडाचा. टेबलावर स्वच्छ काळं कापड अंथरा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोजे नकोत, त्यांनी पकड जाते आणि कार्ड पडतं. दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग पंधरा-वीस डॉलरला मिळतं, ते घ्या. कार्ड नेहमी कडांनी धरा.

मी शेवटचा असा चारिझार्ड बघितला तो एका मित्राचा, अनलिमिटेड छपाईचा. समोरून बघितला तर वाटलं, कालच पाकिटातून निघालाय. मित्र म्हणाला, दहा नक्की. मी आधी तो पालथा केला. पहिल्यांदा मागची बाजूच बघायची, कारण तिथली निळी किनार खोटं बोलत नाही. खालच्या कडेला, साधारण मधोमध, भिंगातून तीन पांढरे ठिपके दिसले, मिठाचे कण पडावेत तसे. तिथे निळा रंग उडून कागदाचा गाभा उघडा पडला होता. पोरं खेळताना कार्ड टेबलावरून उचलतात ते खालच्या कडेने. म्हणून ती कड सगळ्यात आधी जाते. तीन ठिपके म्हणजे १० गेले. ९ची आशा शिल्लक होती.

मग सुलटा करून चमकीचा भाग लॅम्पखाली हळूहळू तिरपा करत गेलो. सरळ बघितलं तर काही दिसत नाही. एका विशिष्ट कोनात अचानक केसासारख्या बारीक रेघांचं जाळं उजळतं, नव्या स्टीलच्या ताटावर घासणीच्या रेघा दिसतात तसं. हे दुसऱ्या कार्डांवर घासून झालेले ओरखडे. त्याच्या चारिझार्डवर पंखाजवळ चारेक होते. एक आडवी रेघ मात्र कडेपासून कडेपर्यंत सरळ गेलेली, ती छापखान्यातली, जन्मापासूनची. कंपनीला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. दोष छापखान्याचा असो की पोराचा, गुण दोन्हीचे कापले जातात.

नंतर पट्टी. समोरच्या पिवळ्या किनारीची रुंदी डावीकडे २ मिलिमीटर, उजवीकडे ३. एकूण ५, म्हणजे ४०/६०. पीएसएला १० साठी समोरची बाजू साधारण ५५/४५ च्या आत लागते. पूर्वी ६०/४० पर्यंत चालवून घ्यायचे, आता ती सवलत गेली. मागच्या बाजूला ७५/२५ पर्यंत सूट असते. म्हणजे नुसत्या सेंटरिंगवरच, चित्र किती मधोमध छापलंय त्यावरच, हे कार्ड ९च्या पुढे जाणार नव्हतं. १९९९ची छपाई या बाबतीत फार बेशिस्त आहे. पाकिटातून सरळ डबीत गेलेली कार्डंसुद्धा एका बाजूला सरकलेली सापडतात.

शेवटी बाइंडरचा घाव. तुमचं बाइंडर तीन कड्यांचं असेल तर कड्यांच्या बाजूचा कप्प्यांचा रकाना मुद्दाम बघा. पानं भरून बाइंडर मिटलं की गोल कडी आतल्या कार्डावर दाबली जाते आणि चंद्रकोरीसारखा खड्डा पडतो. समोरून तो दिसतही नाही. पालथं करून उजेड अगदी कडेने, कार्डाला समांतर टाका, मग दिसतो. एवढ्या एका खड्ड्याने बाकी निर्मळ कार्ड ५-६ वर येऊ शकतं. मित्राच्या कार्डाला तो खड्डा होता. एक मिनिट तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे हे फ्रेम करून लावू?" मी म्हटलं, लाव. आजही त्याच्या जिन्यात टांगलंय.

तुमच्या काही कार्डांच्या मागे मुलाने बॉलपेनने नाव लिहिलंय म्हणता. ती कार्डं पाठवू नका आणि नाव पुसायचा प्रयत्न अजिबात करू नका. लिहिलेल्या कार्डाचे गुण पडतात किंवा लेबलवर तसा शेरा येतो. खोडरबर नाहीतर स्पिरिट लावून ते बदललेलं कार्ड ठरलं तर गुणच मिळत नाहीत. कोरड्या मऊ मायक्रोफायबरने धूळ हलकेच टिपणं, बस. ओलं कापड, मेण, जाड पुस्तकाखाली दाबून सपाट करणं, हे सगळं वर्ज्य. तळघराच्या दमटपणाने चमकीची कार्डं थोडी धनुष्यासारखी वळलेली असतील. बाहेर कोरड्या खोलीत, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद डब्यात आठवडाभर राहू द्या, पुष्कळशी आपोआप नरम पडतील.

आता हिशेब. आकडे समजुतीसाठी घेतोय, पद्धत तीच वापरा. समजा एक कार्ड नुसतं विकलं तर ८० डॉलर येतात. ई-बेची दलाली साधारण १३ टक्के, म्हणजे हातात ७०. ग्रेडिंगची फी कार्डामागे २५ ते ३० डॉलर समजा. टपाल आणि विमा जाऊन-येऊन धरला तर ३८ धरा. तेच कार्ड ८ गुण घेऊन आलं आणि ९५ला विकलं, तर दलाली आणि खर्च जाऊन हातात ४५. म्हणजे न पाठवता विकलं असतं तर २५ डॉलर जास्त मिळाले असते, आणि काही महिन्यांची वाट वाचली असती. ९ आले आणि १६०ला गेलं तर हातात १०१, कमाई ३१. १० आले आणि ७०० मिळाले तर ५७१. आता स्वतःला विचारा, या कार्डाला १० मिळतील असं मी खरंच बघितलंय का, की मला तसं वाटावंसं वाटतंय? पंचवीस वर्षं बाइंडरमध्ये राहिलेल्या, पोराने हाताळलेल्या कार्डाला मी १० कधीच धरत नाही. ७ किंवा ८ धरतो. त्या गुणांवर हिशेब जुळला तर पाठवतो, नाहीतर नाही.

किंमत बघताना ई-बेवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी बघा. मागितलेली किंमत कोणीही काहीही लिहितो. त्याच गुणाच्या शेवटच्या आठ-दहा विक्री बघा, त्यातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडा. पीएसएच्या साइटवर एखाद्या कार्डाच्या कोणत्या गुणाच्या किती प्रती आजवर झाल्या त्याची मोजदाद फुकट बघता येते, तिला पॉप्युलेशन रिपोर्ट म्हणतात. अनलिमिटेड चारिझार्डचा रकाना उघडलात की "दुर्मिळ" हा शब्द तुमच्या मुलाच्या बोलण्यातून आपोआप जाईल.

पैशाशिवायची कारणंही असतात, ती मी कमी लेखत नाही. शॅडोलेस चारिझार्ड निघाला आणि मुलाला तो नातवासाठी ठेवायचा असेल, तर ५ गुणांची डबीसुद्धा चांगली. खरं कार्ड असल्याचा शिक्का मिळतो आणि नातवाची बोटं लागत नाहीत. पण मग नफ्याची भाषा नको.

कंपनी कुठली? पुष्कळ वाद घालतात, मला त्यात फार रस नाही. विकायचं असेल आणि कार्ड जुनं पोकेमॉन असेल तर पीएसए. गिऱ्हाइक लवकर मिळतं आणि त्याच गुणाला भाव बहुधा जास्त येतो. तिच्या मोजपट्टीत अर्धे गुण आहेत, पण ९ आणि १० च्या मध्ये काहीच नाही, आणि सगळी जुगारी वृत्ती त्या फटीत राहते. बेकेटची डबी जाडजूड. त्यात सेंटरिंग, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग यांचे चार वेगळे गुण लेबलवर घेता येतात, आणि चारही १० असले तर काळं लेबल मिळतं, ज्याच्या मागे लोक वेडे होतात. तुमच्या कार्डांना त्याचा उपयोग नाही. चार वेगळे गुण म्हणजे गिऱ्हाइकाला चार वेगळे दोष दाखवणं. सीजीसी मूळची कॉमिक्स ग्रेड करणारी, २०२०पासून कार्डांत आहे. तिची डबी अगदी स्वच्छ दिसते आणि घरी ठेवायला मला तीच आवडते. एसजीसी जुन्या बेसबॉल कार्डांच्या लोकांची लाडकी. ऑगस्ट २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलरला गेलेलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२चं कार्ड एसजीसीच्या डबीत होतं, ९.५ गुणांचं. या चारांबाहेरच्या, नाव न ऐकलेल्या कंपन्यांच्या डब्या स्वस्त पडतात, पण विकताना गिऱ्हाइक डबी फोडायचाच विचार करतं.

पाठवण्याची रीत सांगतो. साइटवर खातं उघडायचं, नवीन अर्ज, प्रकार पोकेमॉनसारख्या खेळाच्या कार्डांचा, मग सेवेचा दर्जा. दर्जा दोन गोष्टींवर ठरतो: किती लवकर हवंय आणि कार्डाची किंमत किती. प्रत्येक कार्डाची घोषित किंमत लिहावी लागते. ग्रेड झाल्यावर ते जितक्याचं होईल असं तुम्हाला वाटतं ती. प्रत्येक दर्जाला किमतीची वरची मर्यादा असते. स्वस्त दर्जात महाग कार्ड घुसवलं आणि त्याला चांगले गुण मिळाले, की कंपनी वरच्या दर्जाची फी लावते. घोषित किंमत फार कमी लिहिली तर पार्सल हरवल्यावर तेवढीच भरपाई मिळणार. त्यामुळे चलाखी नको. गेमस्टॉपच्या दुकानांतून २०२४च्या ऑक्टोबरपासून पीएसएसाठी कार्डं जमा करता येतात. दोन-तीनच कार्डं असतील तर टपालाची कटकट नको म्हणून तो मार्ग बरा. एखाद्या स्थानिक दुकानदाराच्या एकत्र गठ्ठ्यात कार्डं द्यायची असतील तर आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि यादीवर त्याची सही घ्या. मी एकदा एका दुकानात तोंडी विश्वासावर सहा कार्डं दिली. परत पाच आली, आणि सहावं मी दिलंच नव्हतं असं ठरलं. फोटो नव्हते. काय बोलणार?

पॅकिंग. प्रत्येक कार्ड आधी स्लीव्हमध्ये, म्हणजे पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि मग कार्ड सेव्हरमध्ये, म्हणजे अर्धवट कडक, थोडी लवचीक अशी प्लॅस्टिकची पिशवी. टॉपलोडर, म्हणजे पूर्ण कडक प्लॅस्टिकचं पाकीट, नको, त्यातून कार्ड काढताना तिथल्या माणसाला झटापट करावी लागते. स्लीव्हच्या तोंडाच्या एका बाजूला कात्रीने तिरपा छोटा काप द्या, मग कार्ड अलगद आत सरकतं. हा काप मी कसा शिकलो ते ऐका. माझं एक ब्लास्टॉइज या पोकेमॉनचं कार्ड होतं, जंगल संचाच्या आधीचं, माझ्या दृष्टीने निदान ९ चं. स्लीव्हमध्ये घालताना कोपरा प्लॅस्टिकच्या कडेत अडकला, मी घाईत जरा जोर लावला, आणि तो कोपरा माझ्या डोळ्यांदेखत मऊ झाला. बाहेर ट्रेनची वेळ झाली होती एवढंच कारण. त्या दिवसापासून ऑफिसच्या आधी मी कार्डांना हात लावत नाही.

कार्डं अर्जातल्या क्रमानेच लावा. गठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना त्यापेक्षा थोडे मोठे पुठ्ठे, मग रबरबँड, पण इतकेच घट्ट की कार्ड हलू नये. सेलोटेप कार्ड सेव्हरवर कुठेही नको. रंगकामाची निळी टेप वापरा, टोक दुमडून. खोकं हलवल्यावर आत आवाज आला तर पुन्हा बांधा. पावती आणि आतल्या चिठ्ठीचा फोटो ठेवा.

मग वाट. साइटवर टप्पे दिसत राहतात: पोहोचलं, नोंदणी, ओळख पटवणं, ग्रेडिंग, डबीत भरणं, तपासणी. रोज बघू नका. साइटवर लिहिलेले दिवस कामाचे दिवस असतात आणि बहुधा पार्सल पोहोचल्यावर नव्हे, नोंदणी झाल्यावर मोजायला सुरुवात होते. २०२० ते २१ मध्ये कंपन्यांकडे कार्डांचा जो पूर आला, त्यात तर मार्च २०२१ मध्ये पीएसएला आपल्या बहुतेक सेवा काही महिने बंदच ठेवाव्या लागल्या, इतका ढीग साचला होता. टाळेबंदीत घरी बसलेल्या सगळ्या अमेरिकेला एकदमच आपलं तळघर आठवलं होतं. त्या काळात वेगवेगळ्या ठिकाणी अडकलेली माझी काही कार्डं परत आली तेव्हा बाजार उतरला होता, ९ आणि १० असूनही. तेव्हापासून मी "भाव चढलाय म्हणून पाठवू" या विचाराने काहीच पाठवत नाही. जे सहा महिन्यांनी स्वस्त झालं तरी चालेल तेच पाठवतो.

गुण आल्यावर निराशा होईल, तयारी ठेवा. आपण नेहमी एक गुण जास्त धरलेला असतो. मी अजूनही धरतो. चिडून लगेच डबी फोडू नका. त्याच कंपनीकडे डबीसकट फेरतपासणीला देता येतं, पण त्याचीही फी असते, आणि नवं काही दाखवायला नसेल तर तोच गुण परत येतो.

डबी हातात आल्यावर आधी लेबल वाचा. संचाचं नाव, क्रमांक, शॅडोलेस असेल तर तसा उल्लेख आहे का? तो उल्लेख नसेल तर गिऱ्हाइक तुम्हाला अनलिमिटेडचे पैसे देईल, कार्ड काहीही असो. लेबलची चूक कंपनीची असेल तर ती दुरुस्त करून देते, फक्त लवकर कळवा. डबीच्या कडा उजेडात बघा, चीर गेलेली नको. मग प्रमाणपत्र क्रमांक साइटवर टाकून नोंद जुळते का ते पाहा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढून घरच्या विम्याच्या कागदांबरोबर ठेवा.

त्या दहा कार्डांचे फोटो आधी मला पाठवा. समोरचा एक, मागचा एक, आणि चमकीचा भाग तिरप्या उजेडात एक. फ्लॅश बंद ठेवा. आणि त्या ३०० डॉलरवाल्याचा फोन आला तर त्याला एवढंच विचारा, "यातल्या चारिझार्डचे एकट्याचे किती देता?"